घरी आयएनआर मोजायचं यंत्र: कोॲग्युचेक एक्सएस आणि ते शिकवणारा सोबती

हृदयात मेकॅनिकल, म्हणजे कृत्रिम पदार्थाची, झडप बसवलेल्या माणसाचं छातीचं हाड दोन-तीन महिन्यांत जुळतं, चालण्याचा दम परत येतो, जखमेची खाज थांबते. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा (तो जितका जास्त तितकं रक्त पातळ), मात्र जन्मभर सोबत राहतो. रोश कंपनीचं कोॲग्युचेक एक्सएस हे तळहातात मावणारं यंत्र बोटाच्या एका थेंबावरून हा आकडा मिनिटभरात सांगतं. आमचं मत आधीच सांगून टाकतो. यंत्र चांगलं आहे आणि ज्याला रक्त पातळ करणारी गोळी कायमची लागणार आहे त्यानं ते जरूर घ्यावं. पण ऑपरेशननंतरचे पहिले सहा-आठ आठवडे ते एकट्यानं वापरू नये. ज्याची झडप आपल्या आधी बदलली गेली आहे आणि जो स्वतः हे यंत्र वापरतो, असा एक सोबती शेजारी बसलेला किंवा व्हिडिओ कॉलवर असावा. स्ट्रिप (रक्ताचा थेंब लावायची पट्टी) वाया जाणं, चुकीचे आकडे, रात्रभर उडालेली झोप, या सगळ्यातला मोठा भाग एवढ्यानं टळतो.

आधी हे यंत्र कुणाला लागतं ते पाहू. टिश्यूची, म्हणजे प्राण्याच्या ऊतींपासून बनवलेली, झडप बसवली असेल तर वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी बहुधा तीन ते सहा महिनेच चालते, तीही सगळ्यांना दिली जात नाही. अशांनी यंत्र विकत घ्यायची घाई करू नये, लॅबवर भागतं. हृदयाची लय बिघडल्यामुळे गोळी पुढे चालू ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी. मेकॅनिकल झडपेला मात्र वॉरफरिन किंवा त्याच जातीचं ॲसिनोकुमारॉल यांना आज पर्याय नाही. आयएनआर तपासायची गरज नसलेल्या नव्या गोळ्यांबद्दल प्रत्येक नवा रुग्ण विचारतो, म्हणून स्पष्ट लिहितो. त्यातली डॅबिगॅट्रान मेकॅनिकल झडपेवर वापरून पाहिली गेली. त्यात गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, त्यामुळे ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरी अशीच गोळी ॲपिक्साबान, तिची चाचणी ऑन-एक्स जातीच्या एओर्टिक झडपेवर (हृदयातून शरीराकडे रक्त जातं त्या दारावरची झडप) झाली, तीही गुठळ्या जास्त दिसल्यानं २०२२ मध्ये थांबली. शेजारच्या कुणाला हृदयाच्या लयीसाठी या गोळ्या मिळाल्या असतील, पण त्यांचं उदाहरण मेकॅनिकल झडपेला लावता येत नाही.

आपली रेंज, म्हणजे आयएनआर कुठून कुठपर्यंत असावा, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्यावं. आजच्या दोन पाकळ्यांच्या मेकॅनिकल झडपेसाठी, ती एओर्टिक जागी असेल आणि इतर धोका नसेल, तर लक्ष्य साधारण २.५ असतं, म्हणजे २.० ते ३.०. मायट्रल जागी (हृदयाच्या आत, डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये) ते ३.० असतं, म्हणजे २.५ ते ३.५, कारण तिथून रक्त कमी दाबानं वाहतं आणि गुठळी धरायला वाव जास्त मिळतो. ऑन-एक्स एओर्टिक झडपेला पहिल्या तीन महिन्यांनंतर कमी डोसच्या ॲस्पिरिनसोबत १.५ ते २.० चालतं, अशी मान्यता अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१५ मध्ये दिली. म्हणजे २.३ हा एकच आकडा एकाला उत्तम, दुसऱ्याला कमी आणि तिसऱ्याला जास्त ठरू शकतो. यंत्राच्या पडद्यावर आकडा येतो, तो कुणासाठी कसा आहे हे पडदा सांगत नाही.

आता यंत्राकडे येऊ. आत चार ट्रिपल-ए सेल बसतात. सोबत टोचायचं पेन, सुया आणि स्ट्रिपची डबी मिळते. प्रत्येक नव्या डबीत एक छोटी कोड चिप असते. ती यंत्राच्या बाजूच्या खाचेत बसवायची आणि जुन्या डबीसोबत जुनी चिप टाकून द्यायची. स्ट्रिप घातली की पडद्यावर जो कोड येतो तो डबीवरच्या कोडशी जुळला पाहिजे. आकडे वाचून जुळवायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी, कारण घरात दोन डब्या उघड्या असल्या की चिपांची अदलाबदल होतेच. तारीख आणि वेळ आधी नीट लावावी. स्ट्रिपची मुदत संपली आहे की नाही हे यंत्र त्याच तारखेवरून ठरवतं. सेल बदलल्यावर तारीख चुकीची लागली तर चांगली स्ट्रिपही नाकारली जाते आणि माणूस यंत्र बिघडलं म्हणून दुकानात जातो.

स्ट्रिपवर थ्रोम्बोप्लास्टिन या रक्त गोठवणाऱ्या पदार्थाचा थर असतो. रक्त त्याला भेटलं की गोठायला लागतं, त्याला किती वेळ लागला हे यंत्र विजेच्या सूक्ष्म प्रवाहावरून ओळखतं आणि त्याचं आयएनआरमध्ये रूपांतर करतं. ०.८ ते ८.० एवढाच पल्ला यंत्राला मोजता येतो. स्ट्रिप खरी आहे का, उष्णतेनं किंवा दमटपणानं खराब झाली आहे का, याची तपासणी प्रत्येक वेळी स्ट्रिपमध्येच होते. ही सोय आम्हाला फार मोलाची वाटते, कारण डबीचं झाकण नीट न लावण्याची चूक घरोघरी होते.

प्रत्यक्ष तपासणी कशी करायची ते सविस्तर लिहितो, कारण बहुतेक स्ट्रिप इथेच वाया जातात.

हात कोमट पाण्यानं आणि साबणानं धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. बोटाच्या पेरावर ओलसरपणा राहिला तर थेंबात पाणी मिसळतं. यंत्र आकड्याशेजारी 'सी' हे अक्षर दाखवू लागलं तर ओलं बोट हे त्याचं एक कारण असतं. दुसरं कारण रक्तातल्या पेशींचं प्रमाण फार कमी असणं. स्पिरिटचा बोळा वापरलाच तर तो सुकेपर्यंत थांबावं. टेबल सपाट आणि न हलणारं हवं. खोली फार थंड किंवा फार तापलेली नको. यंत्र साधारण १५ ते ३२ अंश सेल्सिअसमध्ये काम करतं.

मग डबीतून एक स्ट्रिप काढून झाकण तिथल्या तिथे घट्ट बंद करायचं. काढलेली स्ट्रिप दहा मिनिटांत वापरली पाहिजे. ती यंत्रात सरकवली की यंत्र आपोआप चालू होतं. कोड पाहायचा, जुळत असेल तर बटण दाबायचं. साधारण अर्धा मिनिट यंत्र स्ट्रिप गरम करतं. त्यानंतर १८० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते, आणि बोट टोचायचं ते ही मोजणी सुरू झाल्यावर. नवे लोक आधी बोट टोचून मग स्ट्रिप शोधतात आणि तेवढ्यात थेंब गोठायला लागतो.

टोचल्यापासून पंधरा सेकंदांत थेंब स्ट्रिपला लागला पाहिजे. हा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो. १८० सेकंद आहेत म्हणून माणूस निवांत बोट दाबत बसतो, पण ते १८० सेकंद तयारीसाठी आहेत, टोचलेल्या बोटासाठी पंधराच. जखमेतून रक्त बाहेर आलं की गोठण्याची क्रिया तिथेच सुरू होते आणि यंत्राला अर्धवट गोठलेलं रक्त मिळतं. थेंब कमीत कमी ८ मायक्रोलिटरचा हवा. साखर तपासायला पुरतो त्यापेक्षा हा बराच मोठा असतो, म्हणून साखर तपासणीची सवय असलेले लोक इथे हमखास कमी रक्त देतात. पेनाची खोली एखादा टप्पा जास्त ठेवावी. पेराच्या मधोमध टोचू नये, बाजूला टोचावं. तिथे दुखतंही कमी आणि रक्तही बरं येतं. थेंब स्ट्रिपवरच्या रक्त घेणाऱ्या पारदर्शक भागाला, वरून किंवा कडेनं, टेकवायचा आणि यंत्राचा आवाज येईपर्यंत तसाच धरायचा. स्ट्रिप रक्त स्वतः ओढून घेते. आवाज आल्यावर वरून आणखी थेंब घालायचा नाही आणि यंत्र हलवायचं नाही. मिनिटभरात आकडा येतो.

पडद्यावर एरर ५ आलं तर रक्त कमी पडलं किंवा नीट लागलं नाही असा अर्थ. अशा वेळी त्याच बोटाला पुन्हा दाबून दुसरी स्ट्रिप लावू नये. नवी सुई, नवी स्ट्रिप आणि वेगळं बोट. पहिल्या जखमेभोवती गोठण्याची क्रिया सुरू झालेली असते, तिथलं रक्त घेतलं तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

रक्त येतच नाही ही तक्रार ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात फार ऐकू येते. रक्ताचं प्रमाण कमी झालेलं असतं, नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्यांनी हात गार पडतात, माणूस दिवसभर झोपून असतो. उपाय साधे आहेत. हात कोमट पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवायचा, मग खुर्चीच्या बाजूला खाली सोडून मिनिटभर बसायचं, आणि तळहाताकडून बोटाकडे हलक्या हातानं चोळत आणायचं. पेर चिमटीत धरून पिळू नये. पिळल्यानं रक्ताबरोबर ऊतींतला द्रव बाहेर येतो आणि आकडा बिघडतो. जुने वापरकर्ते हात गोल फिरवून झटकायला सांगतात. छाती उघडून ऑपरेशन झालेल्यानं पहिल्या दोन-तीन महिन्यांत तसं अजिबात करू नये, हाड जुळत असताना खांद्याला असा हिसका बसता कामा नये. आणखी एक गोष्ट लॅबवाल्याला ठाऊक नसते पण झडपेच्या रुग्णाला ठाऊक असते. ऑपरेशनच्या वेळी छातीचं हाड फाकवून ठेवल्यानं हाताकडे जाणाऱ्या नसांवर ताण येतो, आणि कित्येकांची करंगळी व तिच्या शेजारचं बोट काही आठवडे बधिर राहतं किंवा मुंग्या येतात. ही बधिरता बहुतेकांची हळूहळू जाते. तोवर टोचण्यासाठी मधलं बोट किंवा दुसरा हात वापरावा, कारण बधिर बोटावर सुई किती खोल गेली ते कळत नाही.

ऑपरेशननंतर लगेचचा काळ या यंत्रासाठीही अडचणीचा असतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, २५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच यंत्राचा आकडा धरता येतो. ऑपरेशनमध्ये रक्त गेल्यामुळे काहींचं हिमॅटोक्रिट डिस्चार्जच्या वेळी २५ च्या आसपास असतं. म्हणून घरी आल्यावर पहिल्या तपासणीआधी शेवटचा रक्ताचा रिपोर्ट काढून हा आकडा पाहावा आणि तो काठावर असेल तर लॅबमध्येच जावं. आयएनआर रेंजमध्ये येईपर्यंत पोटात हेपारिनची (हेही रक्त पातळ करणारं औषध) इंजेक्शनं चालू असतील तर स्ट्रिप काही प्रमाणापर्यंत हेपारिनचा परिणाम झाकून घेते, त्यापलीकडे नाही. अशा दिवसांत घरच्या आकड्यावरून इंजेक्शन बंद करायचा निर्णय घेऊ नये. आणि ज्यांच्या रक्तात अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं (गुठळ्या होण्याचा धोका वाढवणारी) आहेत, त्यांना हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. अशांनी ते घेऊच नये. रक्त पातळ आहे असा खोटा दिलासा झडपेच्या रुग्णाला परवडत नाही.

या काळात आकडा वरखाली का होतो, हे समजावणं हे सोबत्याचं मोठं काम. यंत्र हातात आल्यावर पहिल्यांदा माणसाला धक्का बसतो तो याचाच. सोमवारी २.१, गुरुवारी ३.४. यंत्र खोटं सांगतं का? बहुतेक वेळा यंत्र बरोबर असतं. ऑपरेशननंतर भूक मेलेली असते, त्यामुळे पोटात जाणारं, रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के कमी होतं आणि आयएनआर चढतो. भूक परत आली की तीच गोळी कमी पडायला लागते. ताप, जुलाब, शरीरात पाणी साठणं यांनी आयएनआर चढतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या वर आणि सलग काही दिवस घेतलं तरी चढतो. ते घेऊ नये असं नाही, पण डॉक्टरांना सांगावं. झडपेच्या ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात हृदयाची लय बिघडणं हे अगदी नेहमीचं, आणि त्यासाठी अमिओडारोन दिली जाते. ही गोळी वॉरफरिनचा परिणाम हळूहळू, कित्येक आठवडे वाढवत नेते, आणि ती बंद केल्यावरही तिचा प्रभाव महिनोनमहिने टिकतो. म्हणून अमिओडारोन सुरू करताना आणि थांबवताना, दोन्ही वेळा तपासण्या वाढवाव्या लागतात. अँटिबायोटिकांत मेट्रोनिडाझोल आणि कोट्रायमोक्साझोल, बुरशीच्या औषधांत फ्लुकोनाझोल, यांनी आयएनआर झपाट्यानं वर जातो. क्षयावरची रिफॅम्पिसिन उलट तो जोरात खाली आणते.

दुसरी गोष्ट वेळेची. वॉरफरिनची आज बदललेली गोळी उद्याच्या आकड्यात नीट दिसत नाही. शरीरात आधी बनलेले गोठवणारे घटक संपायला वेळ लागतो. त्यातला एक काही तासांत उतरतो, तर प्रोथ्रोम्बिन हा दुसरा घटक अर्ध्यावर यायलाच अडीच-तीन दिवस घेतो. म्हणून बदलाचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसायला लागतो आणि पूर्ण परिणाम त्यानंतर. रोज बोट टोचून रोज डोस हलवत राहिलं तर आयएनआर कधीच स्थिर होत नाही. गीझरचा नळ सारखा इकडेतिकडे फिरवणाऱ्याला कोमट पाणी मिळत नाही, तसंच हे. ॲसिनोकुमारॉल शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे एक गोळी चुकली तरी आकडा लवकर पडतो; दोन औषधांचे वापरकर्ते एकमेकांना सल्ला देताना हा फरक विसरतात.

सोबती निवडतानाही थोडं पाहून घ्यावं. अमेरिकेत बोस्टनला १९५१ मध्ये हृदय शल्यचिकित्सक ड्वाइट हार्कन यांच्या रुग्णांनी मेंडेड हार्ट्स ही संस्था सुरू केली. ऑपरेशन झालेल्यानं ऑपरेशन होणाऱ्याला जाऊन भेटायचं, ही त्यामागची कल्पना. आजही तिच्याहून चांगली पद्धत आम्हाला दिसत नाही. पण झडपेच्या रुग्णाला झडपेचाच रुग्ण सोबती मिळावा. बायपास झालेला माणूस हाडाच्या दुखण्याबद्दल, कुशीवर वळून कसं उठायचं याबद्दल, खोकताना उशी छातीशी कशी धरायची याबद्दल उत्तम सांगेल. आयएनआरबद्दल त्याला बहुधा काही ठाऊक नसतं. शक्य असेल तर सोबत्याची झडपही त्याच जागेची असावी, म्हणजे रेंजचा गोंधळ होत नाही.

चांगला सोबती पहिल्या तीन-चार तपासण्या स्वतः पाहतो. पहिली तो करून दाखवत नाही, करायला लावतो. कॅमेरा यंत्रावर नाही तर बोटावर धरायला सांगतो, कारण चूक तिथे दिसते. तो वहीत काय लिहायचं ते ठरवून देतो: तारीख, वेळ, आकडा, त्या आठवड्यात घेतलेल्या एकूण मिलिग्रॅम, आणि काय वेगळं घडलं. आकडा रेंजबाहेर आला तर त्याचे प्रश्न ठरलेले असतात. गोळी चुकली का? दोनदा घेतली गेली का? नवं औषध, आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथीचं धरून, सुरू झालं का? ताप, उलट्या, जुलाब? हिरव्या पालेभाज्या अचानक बंद केल्या की अचानक वाढवल्या? दारू? या उत्तरांसकट डॉक्टरांना फोन केला तर पाच मिनिटांत निर्णय होतो. पालेभाज्या पूर्ण बंद करायचा सल्ला जो देतो, तो सोबती बदलावा. व्हिटॅमिन के अगदी कमी असलेल्या शरीरात थोड्याशा बदलानंही आकडा उड्या मारतो. भाजी ठरावीक आणि दर आठवड्याला सारखी खाणं जास्त चांगलं.

डोस मात्र सोबत्यानं सांगायचा नाही. इथे आम्ही अगदी कडक आहोत. एकाच आयएनआरसाठी एकाला दुसऱ्याच्या तिप्पट वॉरफरिन लागू शकतं. वय, वजन, यकृत आणि जन्मजात जनुकं यांचा हा खेळ आहे. "मी ३.८ ला एक गोळी सोडून देतो, तूही सोड" असं वाक्य मदत म्हणून सांगितलं जातं आणि त्यातूनच मायट्रल झडपेवर गुठळी होऊ शकते. महिनोनमहिने स्थिर असलेल्या माणसाचा एखादा आकडा रेंजबाहेर ०.५ पर्यंत गेला तर अमेरिकन छातीरोग तज्ज्ञांच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना तोच डोस चालू ठेवून एक-दोन आठवड्यांत पुन्हा तपासायला सांगतात. ही गोष्ट नव्या रुग्णाला लागू नाही, कारण तो अजून स्थिर झालेलाच नसतो. जुन्याचा निर्धास्तपणा नव्यानं उसना घेऊ नये, एवढं सोबत्यानं पहिल्याच दिवशी सांगावं. व्हिटॅमिन केची गोळी स्वतःहून घेणं तर कुणीही करू नये. आकडा गरजेपेक्षा खाली आपटतो आणि मग दिवसच्या दिवस वर येत नाही.

तपासणी सकाळी आणि गोळी संध्याकाळी, ही जोडी आम्ही सगळ्यांना सुचवतो. सकाळचा आकडा डॉक्टरांना कळवायला दिवस मिळतो आणि बदल त्याच संध्याकाळच्या गोळीत करता येतो. संध्याकाळची गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर दुप्पट घेऊ नये, वहीत नोंद करावी. तपासण्या सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदा, स्थिर झाल्यावर आठवड्यातून एकदा. घरी यंत्र आहे म्हणून रोज बोट टोचण्याची ओढ लागते, विशेषतः ज्यांची काळजी रात्री वाढते त्यांना. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तसं करू नये.

लॅबशी ताळा घेतल्याशिवाय या यंत्राला मान्यता देऊ नये. नवं यंत्र आल्यावर आणि पुढे वर्षातून एकदोनदा, लॅबमध्ये शिरेतून रक्त दिलं की तासा-दोन तासांत घरी किंवा तिथेच बसून बोट टोचावं. रेंजच्या आत असताना दोन्ही आकड्यांत ०.५ पर्यंतचा फरक चालतो. चढत्या आयएनआरला फरकही वाढतो, त्यामुळे यंत्रावर ४.५ च्या वर आकडा आला तर लॅबमध्ये पडताळणी करूनच पुढचं पाऊल टाकावं. यामागे एक इतिहास आहे. २०१८ मध्ये जानेवारी ते ऑक्टोबर या काळात वितरित झालेल्या याच यंत्राच्या स्ट्रिप वरच्या आयएनआरला खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवत होत्या. त्या परत मागवल्या गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये एफडीएनं त्या माघारीला सर्वांत गंभीर वर्ग दिला. स्ट्रिप नव्या आंतरराष्ट्रीय मानकाशी जुळवताना हा दोष आला होता. कंपनीनं नंतर आधीच्या मानकावर जुळवलेल्या स्ट्रिप दिल्या. दुसऱ्या एका कंपनीचं इनरेशिओ नावाचं यंत्र तर २०१६ मध्ये बाजारातूनच काढून घेतलं गेलं. यंत्र फेकून देण्याएवढं भिण्यासारखं यात काही नाही, पण लॅबची खूण अधूनमधून लागते हे यातून कळतं.

घरी तपासण्याचा फायदा खरंच होतो का? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या थिनर्स या अमेरिकी चाचणीत सुमारे तीन हजार रुग्ण होते. दर आठवड्याला घरी तपासणारे आणि महिन्यातून एकदा चांगल्या क्लिनिकमध्ये जाणारे यांच्यात पक्षाघात, मोठा रक्तस्राव किंवा मृत्यू यांच्या बाबतीत ठोस फरक दिसला नाही. घरी तपासणाऱ्यांचा रेंजमधला वेळ मात्र थोडा जास्त होता आणि समाधानही. अनेक चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात घरी तपासणाऱ्यांना गुठळीचे त्रास बरेच कमी झाले, मोठा रक्तस्राव कमी झाला नाही. आम्हाला यातून एवढं दिसतं की ज्याच्या जवळ नियमित आणि नीट चालणारं क्लिनिक आहे त्याला हे यंत्र सोय म्हणून आहे, आणि ज्याची तपासणी दर वेळी पुढे ढकलली जाते त्याला ते गरज म्हणून.

यंत्राचे दोष थोडक्यात. जुन्या एक्सएसचा पडदा साधा आहे आणि वयस्कर डोळ्यांना कोडचे आकडे बारीक वाटतात. कोॲग्युचेक इनरेंज या नव्या मॉडेलचा रंगीत पडदा वाचायला बरा आहे आणि ते ब्लूटूथनं फोनला जोडता येतं. दूरच्या मुलांना किंवा डॉक्टरांना आकडे पाठवायचे असतील तर तेच घ्यावं. खर्चाचा भार यंत्रापेक्षा स्ट्रिपचा असतो, तोही कायमचा, म्हणून यंत्र घेण्याआधी स्ट्रिप आपल्याला सातत्यानं मिळणार आहेत का ते पाहावं. स्ट्रिप २ ते ३० अंशांत ठेवायच्या असतात. उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात राहिलेली डबी वापरू नये, आणि घरपोच मागवताना डबी बाहेर तापत राहणार नाही असा दिवस निवडावा. प्रवासात यंत्र, स्ट्रिप आणि गोळ्या हातातल्या बॅगेत.

आकडा रेंजमध्ये असला तरी काही लक्षणांना यंत्राची परवानगी विचारत बसू नये. बोलणं अडखळणं, चेहऱ्याची एक बाजू किंवा एक हात लुळा पडणं, एका डोळ्यासमोर अंधार येणं, मेकॅनिकल झडपेचा नेहमीचा आवाज अचानक दबणं किंवा थांबणं, नव्यानं लागलेली धाप, काळी शौच, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी: यातलं काहीही झालं की थेट इस्पितळ. ३८ अंशांच्या वर ताप टिकला तर घरात पडलेलं अँटिबायोटिक सुरू करू नये. झडपेवर जंतुसंसर्ग झाला आहे का हे पाहायला आधी रक्ताचं कल्चर घ्यावं लागतं, आणि आधीच औषध पोटात गेलं असेल तर जंतू हाती लागत नाही.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत टाकाव्यात आणि बाटली भरत आली की दवाखान्यात द्यावी. टोचण्याचं पेन घरातल्या दुसऱ्या कुणाला, साखर तपासण्यापुरतंही, वापरायला देऊ नये. दुसऱ्या कुणाचं वापरलेलं यंत्र मिळालं तर पहिल्यांदा तारीख लावावी, आतली जुनी चिप काढून टाकावी, जुने आकडे पुसावेत, आणि लॅबशी ताळा जमल्यावरच त्यावरचा पहिला आकडा वहीत लिहावा.